आकाशातली घड्याळे आणि मित्रांवरचा अविश्वास

नगर जिल्ह्यात आता जमिनीची मोजणी रोव्हरने होते. भूमी अभिलेख खात्याचा भूकरमापक पूर्वी साखळी आणि प्लेन टेबल घेऊन यायचा, मग ईटीएस यंत्र आले. आता तो बांधाच्या कोपऱ्यावर एक उभी काठी धरतो. तिच्या टोकाला गोल रिसीव्हर असतो. भाऊबंद दोन्ही अंगांना उभे राहून त्याच्या हातातल्या पडद्याकडे पाहत राहतात. काही क्षणांत आकडे स्थिरावतात आणि पिढ्यान्‌पिढ्यांच्या भांडणाची हद्द काही सेंटिमीटरच्या फरकाने ठरते.

तो रिसीव्हर त्या क्षणी आकाशातले जे जे सापडेल ते ऐकत असतो. आजचे बहुतेक रोव्हर अमेरिकेचे जीपीएस, रशियाचे ग्लोनास, युरोपचे गॅलिलिओ आणि चीनचे बैदू अशा चारही प्रणालींचे संकेत एकत्र घेतात. सर्व्हे ऑफ इंडियाच्या कायमस्वरूपी केंद्रांकडून आलेली दुरुस्ती त्यात मिळवली जाते. नेवाशातल्या दोन भावांचा बांध ठरवायला अशा रीतीने वॉशिंग्टन, मॉस्को, ब्रसेल्स आणि बीजिंग हजर असतात. त्यांतले तिघे तर मुळात लष्करी गरजेतून आलेले आहेत. मोजणीची फी आपण सरकारी खजिन्यात भरतो, पण उपग्रहांच्या मालकांना कोणी काही देत नाही. अब्जावधी डॉलरची यंत्रणा ते जगाला फुकट वापरू देतात. हे पुस्तक त्या फुकटपणाबद्दल आहे: तो कुठून आला, कोणासाठी आहे, आणि कोणत्या दिवशी संपू शकतो.

नगरच्या माणसाने हा विषय का घ्यावा, असे कोणी विचारू नये. जिल्ह्याचे अधिकृत नाव 2024 पासून अहिल्यानगर झाले आहे. छावणीचा इतिहास सांगताना या पानांत जुने नावही येत राहील. 1948 पासून भारतीय चिलखती दलाचे प्रशिक्षण केंद्र, म्हणजे आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूल, इथे आहे. यांत्रिक पायदळाचे एमआयआरसी इथे आहे. डीआरडीओची वाहन संशोधन संस्था व्हीआरडीई वाहननगरात आहे. आणि खारे कर्जुने गावाच्या नावावरून ओळखली जाणारी के. के. रेंज आहे, जिथे रणगाड्यांच्या गोळाफेकीचा सराव चालतो. रेंजच्या विस्ताराची चर्चा निघाली की राहुरी, पारनेर आणि नगर तालुक्यांतली गावे अस्वस्थ होतात. मुळा धरणात एकदा जमिनी गेलेल्या लोकांना पुन्हा उठावे लागेल, ही भीती त्यात असते. देशाच्या संरक्षणाची किंमत हा इथे भाषणातला शब्द नाही, सातबाऱ्यावरची नोंद आहे. म्हणून आकाशातल्या लष्करी व्यवस्थेची किंमत कोण मोजतो, हा प्रश्नही इथल्या वाचकाला परका वाटू नये.

या रेंजच्या आसपास वाढलेल्या पोराला उपग्रह दिशादर्शनाचे मूळ तत्त्व शिकवावे लागत नाही. रात्री गोळाफेक सुरू असली की आधी झळाळी दिसते आणि मग धडाका ऐकू येतो. मधले सेकंद मोजले की तोफ किती लांब आहे ते कळते. तीन सेकंद म्हणजे सुमारे एक किलोमीटर. उपग्रहही एवढेच करतो. तो अखंड सांगत असतो की मी अमुक जागी आहे आणि माझ्या घड्याळात आत्ता अमुक वेळ आहे. रिसीव्हर तो निरोप पोहोचायला लागलेला वेळ मोजतो आणि अंतर काढतो. तीन उपग्रहांवरून जागा ठरते. पण रिसीव्हरमधले घड्याळ साधे असते, त्याची चूक काढायला चौथा उपग्रह लागतो. फरक एवढाच की इथे आवाजाच्या जागी रेडिओलहर आहे आणि ती प्रकाशाच्या वेगाने येते. घड्याळ सेकंदाच्या एक अब्जांश भागाने चुकले तर जागा तीस सेंटिमीटर सरकते. दशलक्षांश भागाने चुकले तर तीनशे मीटर.

म्हणून प्रत्येक उपग्रहात अणुघड्याळ असते. वीस हजार किलोमीटर उंचीवर कमी गुरुत्वामुळे घड्याळ पुढे जाते आणि वेगामुळे थोडे मागे पडते; दोन्ही मिळून जीपीएसचे घड्याळ जमिनीवरच्या घड्याळापेक्षा रोज सुमारे 38 मायक्रोसेकंद पुढे पळते. आइन्स्टाइनच्या सापेक्षतेचा हा हिशोब आधीच धरला नसता तर दिवसाला अकरा किलोमीटरच्या आसपास चूक साचत गेली असती. या सगळ्या प्रणाली रूपाने दिशादर्शक आहेत, पण गाभ्यात त्या घड्याळे आहेत. मोबाइलचे टॉवर, वीजवहनाचे जाळे, शेअर बाजारातले व्यवहार त्यांच्यावरून वेळ जुळवतात. रस्ता दाखवणे बंद पडले तर आपण कोणाला तरी विचारून पोहोचू. वेळ बंद पडली तर काय काय थांबेल याची यादी या पुस्तकातल्या एका पूर्ण प्रकरणाएवढी आहे.

आता राजकारणाकडे. जीपीएसचे काम अमेरिकेच्या संरक्षण खात्याने 1973 मध्ये सुरू केले, पहिला उपग्रह 1978 मध्ये गेला. सोव्हिएत संघाने 1982 मध्ये ग्लोनासचा पहिला उपग्रह सोडला. पुढच्याच वर्षी, 1 सप्टेंबर 1983 रोजी, वाट चुकून सोव्हिएत हद्दीत शिरलेले कोरियन एअर लाइन्सचे प्रवासी विमान सोव्हिएत लढाऊ विमानाने पाडले आणि 269 माणसे मेली. त्यानंतर अध्यक्ष रेगन यांच्या सरकारने जाहीर केले की जीपीएस तयार झाल्यावर ते नागरी वापरासाठी सगळ्यांना खुले असेल. आज आपण ज्याला सोय म्हणतो तिच्या मुळाशी ही 269 प्रेते आहेत. खुले केले तरी सगळ्यांना सारखे दिले नाही. नागरी संकेतात मुद्दाम चूक मिसळलेली असे, जागा शंभर मीटरपर्यंत इकडेतिकडे दाखवली जाई. अचूक संकेत अमेरिकेच्या सैन्यासाठी आणि ज्यांना त्याच्या किल्ल्या दिल्या त्या मित्रराष्ट्रांसाठी राखून ठेवला होता. ही मुद्दाम केलेली चूक क्लिंटन सरकारने 2 मे 2000 रोजी काढून टाकली.

त्याच्या आदल्या वर्षीचा मे महिना माझ्या मते या विषयाचा खरा प्रारंभबिंदू आहे. 1999 च्या त्या महिन्यात दोन ठिकाणी युद्ध चालू होते. युगोस्लाव्हियावर नाटोची विमाने बॉम्ब टाकत होती आणि जीपीएसच्या आधाराने लक्ष्यावर जाणारे जेडॅम बॉम्ब प्रथमच लढाईत वापरले जात होते. 7 मे रोजी असे बॉम्ब बेलग्रेडमधल्या चिनी दूतावासावर पडले आणि तीन चिनी पत्रकार ठार झाले. अमेरिकेने नंतर सांगितले की पत्ता चुकला, लक्ष्य म्हणून दुसरीच इमारत धरली होती. चीनने ते कधी मनापासून मानले नाही. तांत्रिक बाजूने पाहिले तर बॉम्ब जिथे पाठवले तिथेच गेले. चूक कागदावरच्या नोंदीत होती. ज्याने मोजणीत जुना चुकीचा नकाशा आणि नवे अचूक यंत्र एकत्र आलेले पाहिले आहे, त्याला हा धोका समजावून सांगायला नको.

त्याच दिवसांत कारगिलच्या शिखरांवर घुसखोर बसल्याचे भारताच्या लक्षात येत होते. पुढे काय झाले याची एक कथा आपल्याकडे सर्वत्र सांगितली जाते: भारताने अमेरिकेकडे त्या भागाची जीपीएस माहिती मागितली, अमेरिकेने नकार दिला, आणि त्या अपमानातून आपली स्वतःची प्रणाली जन्मली. शाळेतल्या स्पर्धांपासून वाहिन्यांवरच्या चर्चांपर्यंत ती मी इतक्यांदा ऐकली आहे की ती तपासून घेणे मला भाग वाटले. तपशील तिच्याहून गुंतागुंतीचा आहे. जीपीएसचा नागरी संकेत 1999 मध्ये बंद नव्हता. हवाई दलाच्या मिग-21 च्या वैमानिकांनी बाजारात मिळणारे हातात धरायचे जीपीएस संच घेऊन त्या युद्धात मोहिमा केल्या. टायगर हिलवर 24 जूनला मिराजने टाकलेले बॉम्ब लेझरच्या आधाराने गेले, उपग्रहाच्या नव्हे. आपल्यापाशी नव्हता तो अचूक, राखीव संकेत, आणि तो युद्धाच्या मध्यावर कोणी काढून घेणार नाही याची हमी. ही उणीव खरी होती आणि गंभीर होती. नकाराच्या कथेत नाट्य अधिक आहे. पण राष्ट्रे आपली धोरणे अशाच कथांवर उभी करतात, आणि या कथेने भारताला योग्य दिशेला ढकलले असे मला वाटते.

चीनकडेही अशीच कथा आहे. 1996 च्या तैवान सामुद्रधुनीच्या पेचात सोडलेली क्षेपणास्त्रे भरकटली, कारण अमेरिकेने जीपीएसमध्ये हस्तक्षेप केला, असे चिनी लष्करी वर्तुळात सांगितले जाते. त्या प्रसंगानंतर बैदूला वेग आला. पहिले प्रायोगिक उपग्रह 2000 मध्ये गेले, आशिया-प्रशांत भागापुरती सेवा 2012 मध्ये सुरू झाली आणि 2020 च्या जुलैमध्ये जगभरची सेवा पूर्ण झाल्याचे जाहीर झाले. वीस वर्षांत शून्यापासून जगभर. या चिकाटीचा अभ्यास आपण द्वेष बाजूला ठेवून करायला हवा.

या सगळ्यात मला सर्वाधिक खुणावते ती युरोपची गोष्ट, कारण युरोपला अमेरिका शत्रू कधीच नव्हती. नाटोच्या छत्राखाली राहणाऱ्या देशांनी गॅलिलिओ काढायचे ठरवले तेव्हा अमेरिकेचे संरक्षण उपमंत्री पॉल वुल्फोविट्झ यांनी 2001 च्या डिसेंबरमध्ये नाटोतल्या युरोपीय संरक्षण मंत्र्यांना पत्र लिहून चिंता कळवली. गॅलिलिओचा एक संकेत अमेरिकेच्या नव्या लष्करी संकेताच्या वारंवारतेवर येत होता. उद्या युद्धात शत्रूचा संकेत दाबायचा झाला तर आपलाही दबेल, ही अमेरिकेची अडचण. तुमची मर्जी फिरली तर आमची विमाने आणि बंदरे अडतील, ही युरोपची. 2004 मध्ये वारंवारता बदलून तडजोड झाली. दरम्यान 2003 मध्ये युरोपने चीनला भागीदार करून घेतले, चीनने 20 कोटी युरो देण्याचे कबूल केले, आणि काही वर्षांत चीनला राखीव सेवेच्या दाराबाहेर ठेवल्यावर तो स्वतःच्या बैदूकडे वळला. पुढे वारंवारतेवरून या दोघांतच वाद पेटला. गॅलिलिओच्या भागीदारीसाठी भारताशीही 2005 च्या सुमारास करार झाला होता, तो पुढे सरकला नाही. आणि ज्या ब्रिटनने गॅलिलिओ उभे करायला पैसा आणि अभियंते दिले, त्यालाच युरोपीय संघ सोडल्यावर राखीव लष्करी संकेतातून बाहेर पडावे लागले. ब्रिटनने स्वतःची वेगळी प्रणाली उभारण्याचा विचार केला आणि 2020 मध्ये तो सोडून दिला.

या क्रमाकडे पाहिले की एक गोष्ट माझ्यापुरती पक्की होते. रशिया आणि अमेरिका सोडले तर बाकीच्यांनी या प्रणाली उभारल्या त्या मित्राच्या भरवशाला मर्यादा आहे या जाणिवेतून. शत्रू आपल्याला संकेत देणार नाही हे गृहीतच असते, त्याचे दुःख नसते. प्रश्न मित्राचा असतो. लष्करी युती आज कागदावरच्या कलमांत जितकी दिसते तितकीच ती राखीव संकेताच्या किल्ल्या कोणाकडे आहेत यात दिसते. खुला संकेत सगळ्यांना मिळतो. राखीव संकेत कोणाला मिळतो, देखरेखीची केंद्रे कोणाच्या भूमीवर आहेत, हे पाहिले की मैत्रीची खरी खोली कळते. जीपीएसचे एक केंद्र हिंदी महासागरात दिएगो गार्सिया बेटावर आहे, केरळच्या दक्षिणेला. रशिया आणि चीन यांनी एकमेकांच्या भूमीवर केंद्रे उभारायचे करार 2022 मध्ये केले. पाकिस्तान 2013 पासून बैदूच्या वर्तुळात आहे आणि त्याच्या सैन्याला राखीव संकेत मिळतो असे संरक्षण अभ्यासक मानतात. जपान अमेरिकेच्या युतीतला देश; त्याने 2018 मध्ये सुरू केलेली चार उपग्रहांची मिचिबिकी सेवा जीपीएसला पूरक म्हणून घडवली, तरी तिची चावी स्वतःच्या हातात ठेवली.

इथे नगरच्या इतिहासातले एक पान उघडल्यावाचून राहवत नाही. विजापूरच्या बुरुजावर आज जी मलिक-ए-मैदान तोफ आहे, ती 1549 मध्ये निजामशाहीच्या अहमदनगरात ओतली गेली. वजन सुमारे 55 टन, ओतणारा कारागीर रूमी, म्हणजे ऑटोमन मुलखातून आलेला. त्या काळचे सर्वात प्रगत युद्धतंत्र परदेशी तज्ज्ञाच्या हातून नगरला आले होते. 1565 च्या विजयनगरविरुद्धच्या लढाईसाठी दख्खनच्या सुलतानांनी युती केली. ती घट्ट करायला हुसेन निजामशहाने मुलगी चाँदबीबी आदिलशहाला दिली आणि तिच्याबरोबर सोलापूरचा किल्ला. त्या लढाईत निजामशाही तोफखान्याने मोठे काम केले. शत्रू संपल्यावर युतीही फार टिकली नाही, निजामशाही आणि आदिलशाही पुन्हा एकमेकांच्या अंगावर गेल्या. ती तोफ पुढे परांड्याला आणि 1632 च्या सुमारास तिथून विजापूरला गेली. ज्या शहराने ती घडवली त्याच्या ती कामी राहिली नाही. चारशे वर्षांनंतरचे अंतराळतंत्र आणि ती तोफ यांत सरळ रेषा ओढू नये हे मला कळते. पण मित्राबरोबर लढताना आपले हत्यार आपल्या कोठारात असावे, एवढी सावधगिरी दख्खनला नवी नाही.

भारताच्या प्रणालीकडे येतो, आणि इथे मला थोडे रेंगाळायचे आहे. सरकारने 2006 मध्ये प्रादेशिक दिशादर्शन प्रणालीला मंजुरी दिली. जगभर सेवा द्यायची तर चोवीस किंवा अधिक उपग्रह लागतात. इस्रोने वेगळा हिशोब मांडला: भारत आणि सीमेपलीकडचे सुमारे पंधराशे किलोमीटर एवढेच क्षेत्र धरले तर सात उपग्रह पुरतात. तीन भूस्थिर, चार कललेल्या कक्षेत, सगळे सुमारे 36 हजार किलोमीटरवर, सगळे सतत आपल्या नजरेच्या टप्प्यात. मला हा आराखडा फार देखणा वाटतो. तुटपुंज्या पैशात, आपल्या गरजेपुरते, पण पूर्णपणे आपले. पहिला उपग्रह 1 जुलै 2013 ला आणि सातवा 28 एप्रिल 2016 ला श्रीहरिकोट्याहून गेला. त्या दिवशी पंतप्रधानांनी प्रणालीला नाविक हे नाव दिले. तिच्या दोन सेवा आहेत: सगळ्यांसाठी खुली आणि सैन्यासाठी सांकेतिक, राखीव.

मग घड्याळे बंद पडू लागली. प्रत्येक उपग्रहात तीन रुबिडियम अणुघड्याळे होती, स्वित्झर्लंडच्या कंपनीकडून घेतलेली. पहिल्या उपग्रहातली तिन्ही निकामी झाली. युरोपच्या गॅलिलिओतही त्याच काळात घड्याळे बंद पडल्याचे 2017 मध्ये जाहीर झाले, त्यामुळे दोष फक्त आपल्या नशिबाचा नव्हता. पहिल्याच्या जागी पाठवलेला उपग्रह 31 ऑगस्ट 2017 ला उष्णताकवच न उघडल्याने वाया गेला. पुढचा 12 एप्रिल 2018 ला नीट पोहोचला. मग पाच वर्षे काहीच गेले नाही. अहमदाबादच्या स्पेस ॲप्लिकेशन्स सेंटरने घडवलेले स्वदेशी अणुघड्याळ घेऊन 29 मे 2023 ला नव्या पिढीचा पहिला उपग्रह गेला, आणि सामान्य मोबाइलला सोयीची वारंवारताही त्याने आणली. दुसरा 29 जानेवारी 2025 ला गेला, श्रीहरिकोट्याचे ते शंभरावे उड्डाण. प्रक्षेपण चोख झाले, पण उपग्रहाची कक्षा उंचावण्यासाठीची झडप उघडली नाही आणि तो दिशादर्शनाच्या कामी येऊ शकला नाही.

2025 च्या जुलैत सरकारने संसदेत सांगितले की आतापर्यंत सोडलेल्या अकरा उपग्रहांपैकी चार दिशादर्शनाची सेवा देत आहेत. चार हा जागा ठरवायला लागणारा किमान आकडा आहे. तो एकाने कमी झाला की प्रणाली पांगळी होते. नाविकवर मराठीत जे लिहिले जाते त्यात अभिमान भरपूर असतो, हा आकडा क्वचित असतो. मला तो लिहिताना वेदना होतात आणि तरीही तो या पुस्तकाच्या पहिल्या पानांत असावा असा माझा आग्रह आहे. कारगिलची कथा मुलांना सांगणाऱ्या देशाने पाच वर्षांची ती पोकळी का पडू दिली, हा प्रश्न इस्रोच्या शास्त्रज्ञांच्या कष्टांचा अनादर नाही. बदली उपग्रह तयार ठेवणे, घड्याळे वेळेत देशात घडवणे, रिसीव्हरचा बाजार उभा करणे ही कामे एका संस्थेची नसून धोरणाची आहेत, आणि धोरणाला विचारणारे लोक लागतात.

या काळात भारताचे हात दोन्हीकडे पसरलेले राहिले. रशियाशी ग्लोनासच्या अचूक संकेतासाठी करार झाले. अमेरिकेशी 2018 मध्ये सांकेतिक संपर्क उपकरणांचा कॉमकासा आणि 2020 मध्ये भू-स्थानिक माहितीच्या देवाणघेवाणीचा बेका करार झाला. भारत कोणाच्याही लष्करी युतीचा सभासद नाही, त्यामुळे कोणाच्याही राखीव संकेतावर त्याचा हक्क नाही; जे मिळते ते कराराने. नगरच्या शाळेत जवान ज्यांवर शिकतात ते टी-72 आणि टी-90 रणगाडे रशियन वंशाचे, टी-90 मधले थर्मल कॅमेरे फ्रेंच कंपनीचे, अर्जुन आपला. अनेक देशांकडून घेऊन एकत्र बसवण्याची ही सवय आपल्या सैन्याला जुनी आहे. रणगाड्याचा सुटा भाग एखाद्या देशाने अडवला तर काही महिने जुना भाग दुरुस्त करून भागवता येते. संकेत अडवला तर तो त्याच क्षणी जातो.

आणि अडवणे सोपे आहे. एवढ्या उंचीवरून जमिनीवर पोहोचणारा संकेत इतका क्षीण असतो की थोड्या ताकदीचा खोटा आवाज त्याला बुडवतो. युक्रेनच्या युद्धात रशियाने हे रोज केले; जीपीएसवर चालणारे अमेरिकी एक्सकॅलिबर तोफगोळे सुरुवातीला अचूक होते, मग त्यांचा नेम बिघडत गेला. संकेत दाबण्याहून वाईट म्हणजे खोटा संकेत पाठवणे, ज्याने विमानाला आपण दुसरीकडेच आहोत असे वाटते. हे आता आपल्या दारात आले आहे. नोव्हेंबर 2023 ते फेब्रुवारी 2025 या काळात सीमाभागात, विशेषतः अमृतसर आणि जम्मूच्या परिसरात, विमानांच्या दिशादर्शनात अशा व्यत्ययाच्या 465 घटना नोंदल्या गेल्याचे सरकारने लोकसभेत सांगितले. नोव्हेंबर 2025 मध्ये दिल्लीच्या विमानतळाजवळही असे घडले. मे 2025 च्या भारत-पाकिस्तान लष्करी संघर्षानंतर लेफ्टनंट जनरल राहुल सिंग यांनी जाहीरपणे म्हटले की चीन पाकिस्तानला भारताच्या हालचालींची ताजी माहिती पुरवत होता. सीमेवर समोर एक देश उभा असतो आणि आकाशात त्याच्या पाठीशी दुसरा.

म्हणूनच 22 सप्टेंबर 2020 रोजी के. के. रेंजवर झालेली चाचणी मला या विषयातली महत्त्वाची घटना वाटते, जरी तिच्यात एकही उपग्रह नव्हता. अर्जुन रणगाड्याच्या तोफेतून डीआरडीओचे लेझरच्या आधाराने जाणारे रणगाडाविरोधी क्षेपणास्त्र सोडले गेले आणि त्याने तीन किलोमीटरवरचे लक्ष्य भेदले. जवानाने लेझर लक्ष्यावर धरून ठेवायचा, क्षेपणास्त्र त्या परावर्तित उजेडाकडे जाते. आकाशातला संकेत कोणी दाबला तरी त्याला फरक पडत नाही. जडत्वावर चालणारी दिशादर्शक यंत्रे, भूप्रदेश ओळखणारे कॅमेरे, आणि होकायंत्र व नकाशा घेऊन वाळवंटात रणगाडा नेण्याचे जुने शिक्षण यांची किंमत युक्रेननंतर जगभर पुन्हा वाढली आहे. नगर परिसरातल्या निवृत्त जवानांना नकाशावाचनाचे ते तास अजून आठवतात. त्यांच्याकडून हे ज्ञान लिहून घेण्याचे काम कोणीतरी हाती घ्यावे, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

पुढची प्रकरणे या क्रमाने जातात: आधी घड्याळ आणि लहर, मग चार जागतिक प्रणालींचे चरित्र, मग नाविक, आणि शेवटी नागरी जीवन. शेवटच्या भागात ट्रक-बसना बसवलेले मागोवा संच, रेल्वे इंजिनांची जागा कळवणारी यंत्रणा, समुद्रात गेलेल्या कोळ्यांना वादळाचा निरोप देणारे नाविकचे संच, विमानांसाठी इस्रो आणि विमानतळ प्राधिकरणाने उभारलेले गगन, आणि शेताच्या हद्दी येतात. युद्धाच्या प्रकरणांपेक्षा हा भाग मी अधिक जपून लिहिला आहे. आपल्या खिशातला मोबाइल कोणते उपग्रह ऐकतो हे दाखवणारी ॲप्स फुकट मिळतात. वाचकाने पुस्तक सुरू करण्याआधी गच्चीवर किंवा शेतात उभे राहून एखादे उघडून पाहावे. त्या यादीत प्रत्येक देशाचा झेंडा असतो. तिरंग्यापुढे किती आकडे दिसतात आणि त्यांतले किती खरोखर वापरात आहेत हे पाहावे, आणि मग नाविकचे प्रकरण आधी वाचायला घेतले तरी चालेल.